शेत आणि बाजार यांच्यामधली जबाबदारी

रेणा नदीकाठचे रेणापूर सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते. या संस्थानाने १३३९ फसली, म्हणजे सुमारे १९३० साली, कृषी बाजारांचा कायदा केला, तेव्हा त्याचा मुख्य रोख वजनमापे, अडत म्हणजे दलाली, आणि तोलाई यांवर होता. शेतकऱ्याची लूट थांबावी म्हणून तो आला, खाणाऱ्याच्या प्रकृतीसाठी नव्हे. महाराष्ट्राचा १९६३ चा पणन कायदाही त्याच वाटेने गेला. अन्नाच्या शुद्धतेचे काम १९५४ च्या अन्नभेसळ प्रतिबंधक कायद्याकडे आले आणि त्याने जाब विचारला तो प्रामुख्याने उत्पादकाला व विक्रेत्याला.

केरळात १९५८ साली जहाजातील पॅराथिऑन हे कीटकनाशक धान्यपिठात व साखरेत मिसळून शंभरावर माणसे दगावली, आणि त्या धक्क्यातून १९६८ चा कीटकनाशक कायदा आला. त्याने औषधाची नोंदणी, निर्मिती, विक्री आणि लेबल यांना नियम घालून दिले, परंतु कलम ३८ अन्वये स्वतःच्या वहितीखालील जमिनीवर केलेला वापर वगळला. पुढे २००६ च्या अन्न सुरक्षा व मानके कायद्याने ‘प्राथमिक अन्न’, म्हणजे शेतातून नैसर्गिक रूपात आलेला माल, याची व्याख्या करताना तो शेतकऱ्याखेरीज अन्य व्यक्तीच्या हाती असला पाहिजे अशी अट घातली. त्यामुळे रेणापूरच्या आठवडी बाजारात शेतकऱ्याने स्वतः पिकवून विकायला आणलेली मेथी या कायद्याच्या कक्षेबाहेर राहते, आणि तीच जुडी व्यापाऱ्याने घेतली की कक्षेत येते.

या दोन्ही सवलतींमागचा हेतू न्याय्य आहे, कारण पावसाच्या भरवशावर जगणाऱ्या कोरडवाहू शेतकऱ्याला मालात राहिलेल्या कीटकनाशकाच्या अवशेषांवरून खटल्यात ओढणे क्रूरपणाचे ठरेल. मात्र २००३ मध्ये महाराष्ट्राची द्राक्षे कीटकनाशकांच्या अवशेषांमुळे युरोपात नाकारली गेल्यावर बागांची नोंदणी, काढणीपूर्वी नमुने आणि प्रयोगशाळेतील तपासणी यांची व्यवस्था उभी राहिली, आणि २००६ पासून ती ‘ग्रेपनेट’ या प्रणालीत बांधली गेली. परदेशी ग्राहकासाठी शासनाने आणि बागायतदारांनी मिळून जे करून दाखवले, ते गावच्या गिऱ्हाइकासाठी केले नाही.

फवारणी आणि काढणी यांच्यात लेबलावर सांगितलेले दिवस पाळणे हे शेतकऱ्याचे कर्तव्य आहे, ते दिवस त्याला मराठीत समजावून सांगणे हे औषध विकणाऱ्या कृषी सेवा केंद्राचे, आणि तालुक्याच्या बाजारात परवडणारी तपासणी उपलब्ध करून देणे हे शासनाचे. यांपैकी शेवटचे काम आधी झाले पाहिजे.