पंधरा टन आणि सहा माणसे

१ सप्टेंबर १९५१ हा शनिवार होता. अमेरिकेत सप्टेंबरचा पहिला सोमवार हा 'लेबर डे', म्हणजे कामगारांच्या सुट्टीचा दिवस. त्यामुळे शनिवार धरून तीन दिवस सलग मोकळे मिळाले होते. न्यूयॉर्कहून पहाटे सुटणारी 'फिशरमन्स स्पेशल' ही रेल्वेगाडी त्या सकाळी माँटॉकला आली, तेव्हा ती हौशी मासेमारांनी खचाखच भरलेली होती. या गाडीचे एक वैशिष्ट्य माँटॉकमध्ये सगळ्यांना पाठ होते. ती पुरती थांबायच्या आत लोक गळाच्या काठ्या सांभाळत उड्या टाकत आणि धक्क्याकडे पळत सुटत. चांगल्या बोटीवर, त्यातही कठड्यालगत जागा मिळवायची, तर पळायलाच हवे. मागे राहिलेल्याला दिवसभर दुसऱ्याच्या खांद्यावरून गळ टाकावा लागे.

त्या गर्दीतून ६२ प्रवासी 'पेलिकन' नावाच्या बोटीवर चढले. बोटीचा कप्तान एडी कॅरल आणि त्याचा एक मदतनीस धरून एकूण ६४ माणसे. बोटीची लांबी ४२ फूट. त्या दुपारी दोन वाजून गेल्यावर, माँटॉकचे दीपगृह डोळ्यांसमोर असताना, ती उलटली. ४५ माणसे मेली, त्यांत कॅरलही होता.

या अपघाताची हकिगत कुठेही वाचा, 'बोटीवर प्रमाणाबाहेर माणसे होती' हे वाक्य पहिल्या परिच्छेदातच भेटते. ते खरेही आहे. पण प्रमाण म्हणजे कोणते? १९५१ सालच्या अमेरिकेत अशा बोटीने किती माणसे न्यावीत, याला कायद्याची मर्यादाच नव्हती. ६२ ऐवजी ८० चढली असती, तरी कप्तानाने एकही कलम मोडले नसते. मला या घटनेचा मागोवा घ्यावासा वाटला तो याच कारणाने. बुडालेल्या बोटीची गोष्ट आपण नेहमी वादळ आणि कप्तान या दोघांचीच म्हणून सांगतो. ती बोट ज्या व्यवहारातून समुद्रावर गेली, तो व्यवहार गोष्टीबाहेरच राहतो.

आधी जागा समजून घेऊ. लाँग आयलंड हे न्यूयॉर्कला लागून पूर्वेकडे लांबच लांब पसरलेले बेट. माँटॉक हे त्याचे अगदी पूर्वेचे टोक. या टोकावरचे दीपगृह १७९६ सालचे आहे. रेल्वे आली १८९५ मध्ये. ती आणणारा लाँग आयलंड रेल्वेचा अध्यक्ष ऑस्टिन कॉर्बिन याच्या डोक्यात भलतीच मोठी कल्पना होती. युरोपहून येणारी जहाजे न्यूयॉर्कपर्यंत न नेता माँटॉकच्या फोर्ट पाँड उपसागरातच थांबवायची आणि उतारूंना रेल्वेने शहरात पोचवायचे. पुढच्याच वर्षी तो वारला आणि कल्पनाही बारगळली. १९२०च्या दशकात मायामी बीच वसवणाऱ्या कार्ल फिशरने माँटॉकला उत्तरेतली मायामी करायचे ठरवले. १९२९च्या मंदीने त्याला बुडवले. म्हणजे जहाजे आली नाहीत, श्रीमंत पाहुणेही आले नाहीत, आणि सुमारे १८५ किलोमीटरचा लोहमार्ग तेवढा मागे उरला. त्या लोहमार्गावर शहरातल्या सामान्य माणसाला स्वस्तात मासेमारीला नेणारी गाडी चालवणे हा उतारू मिळवण्याचा साधा उपाय होता.

आणि उतारू मिळाले. दुसऱ्या महायुद्धात नौदलाने फोर्ट पाँड उपसागराचा किनारा ताब्यात घेऊन तिथे पाणतीरांच्या चाचण्यांसाठी गोदी उभारली होती. युद्ध संपल्यावर तिथल्या धक्क्याला 'फिशँग्री-ला' असे नाव पडले. जेम्स हिल्टनच्या कादंबरीतल्या 'शँग्री-ला' या स्वर्गाची ही थोडी बाजारी नक्कल आहे, पण नाव चपखल होते. आठवडाभर राबणाऱ्या माणसाला सुट्टीच्या एका दिवसात रेल्वे, बोट आणि मासळी असे सगळे तिथे एका ठिकाणी मिळत होते.

इथे दोन प्रकारच्या बोटींतला फरक सांगितला पाहिजे, कारण पुढचे सगळे त्यावर उभे आहे. एक बोट पाचसहा जणांचा गट मिळून दिवसभरासाठी भाड्याने घेतो. ती 'चार्टर' बोट. माणसे कमी आली तरी बोटवाल्याचे पैसे ठरलेले असतात. दुसरी बोट येईल त्याला घेते आणि माणशी पैसे लावते. तिला तिकडे 'हेड बोट' म्हणतात, म्हणजे डोक्यागणिक भाडे घेणारी. या बोटीला इंधन, आमिष, मदतनिसाची मजुरी हा खर्च दहा माणसांना जेवढा, जवळजवळ तेवढाच साठ माणसांना. म्हणजे खर्च भरून निघाल्यावर चढणारा प्रत्येक माणूस निव्वळ नफ्याचा. शिवाय धंदा उन्हाळ्यापुरता आणि त्यातही शनिवार-रविवारचा. पावसाने एक शनिवार बुडाला की ती वसुली पुढच्या शनिवारी करायची. पेलिकन ही अशी माणशी भाडे घेणारी बोट होती. धक्क्यावर आलेल्या माणसाला 'तू खाली राहा' म्हणणे कप्तानाला जड जात असणार. तीन-चार तासांचा प्रवास करून आलेल्या माणसालाही ते ऐकून घेणे तितकेच जड. ६२ हा आकडा या दोघांच्या संमतीने झाला आहे, हे विसरता येत नाही.

पेलिकन साडेसातच्या सुमाराला निघाली. फोर्ट पाँड उपसागर माँटॉकच्या उत्तरेच्या अंगाला आहे. मासेमारीची जागा दक्षिणेला, खुल्या अटलांटिकमध्ये. म्हणजे जाताना आणि येताना दीपगृहाच्या टोकाला वळसा घालणे भाग. साडेअकराच्या सुमाराला वारा वाढू लागला, तेव्हा कॅरलने गळ गुंडाळायला सांगून बोट परत फिरवली. निर्णय योग्यच होता. पण बोटीच्या दोन इंजिनांपैकी एक दगा देऊ लागले आणि जे अंतर लवकर कापायचे ते रखडत कापावे लागले. दोन अडीच तास असे गेले.

वारा ईशान्येचा होता. दक्षिणेच्या बाजूला असेपर्यंत किनाऱ्याचा थोडा आडोसा होता. टोकाला वळसा घातला की तो संपतो. आणि त्याच वेळी ओहोटी लागलेली. आतल्या खाडीचे पाणी टोकावरून बाहेर, पूर्वेकडे धावत होते आणि समोरून ईशान्येचा वारा. वाहत्या पाण्याला उलटा वारा लागला की लाटा आखूड आणि उभ्या होतात, हे आपल्याकडच्या कुठल्याही खाडीच्या मुखाशी बोट नेणाऱ्या तांडेलाला सांगावे लागत नाही. दोन वाजण्याच्या सुमाराला, टोक मागे टाकून सुमारे मैलभर उत्तरेला असताना, पेलिकनच्या उजव्या बाजूने मागून दोन लाटा एकापाठोपाठ आल्या. बोट डाव्या अंगावर कलली आणि कललेलीच राहिली. काही माणसे पाण्यात फेकली गेली, काही केबिनमध्ये अडकली.

दोन लाटांनी ४२ फुटांची बोट उलटते, याचे उत्तर लाटांपेक्षा माणसांच्या वजनात आहे. माणशी साडेबहात्तर किलो धरले, तरी ६२ माणसांचे वजन साडेचार टन होते. हे वजन तळाशी भरलेल्या मालासारखे स्थिर नसते. ते डेकवर, म्हणजे पाण्याच्या वर उभे असते. त्यामुळे बोटीचा गुरुत्वमध्य वर सरकतो आणि कललेल्या बोटीला सरळ व्हायची ताकद कमी पडते. त्यात माल स्वतःहून जागा बदलत नाही, माणूस बदलतो. थंड फवारा एका बाजूने येतो आहे म्हटल्यावर दुसऱ्या बाजूला सरकणे हे कोणीही करेल.

जवळपासच्या 'बेटी ॲन' आणि 'बिंगो-टू' या बोटींनी माणसे वर ओढायला सुरुवात केली. वाचली ती १९. उलटलेली पेलिकन ओढून आत आणणाऱ्यांत फ्रँक मंडस होता. त्याच वर्षी तो माँटॉकला धंद्यासाठी आला होता. पुढे शार्कच्या शिकारीसाठी तो जगभर गाजला आणि 'जॉज'मधला क्विंट त्याच्यावरून बेतला असे मानले जाते. मंडसचे नाव लोकांना माहीत आहे, पेलिकनचे नाही. असो.

महाराष्ट्रातल्या वाचकाला इथे 'रामदास' बोटीची आठवण होणारच. पेलिकनच्या चार वर्षे आधी, १७ जुलै १९४७ रोजी, भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली रामदास बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसे गेली. पण ती उतारूंची नेआण करणारी बोट होती. माणसे घरी निघाली होती. पेलिकनवरची माणसे कुठेच निघाली नव्हती. ती संध्याकाळी त्याच धक्क्यावर उतरणार होती. हा फरक भावनेचा वाटेल, पण कायद्याच्या दृष्टीनेही तो महत्त्वाचा ठरला. या गावाहून त्या गावाला जाणारे उतारू सरकारच्या डोळ्यांसमोर फार पूर्वीपासून होते. हौसेने दिवसभर समुद्रावर जाऊन परत येणारा माणूस मात्र कुणाच्याच हिशेबात नव्हता.

आता तो हिशेब. वाफेच्या बोटींचे बाष्पक फुटून माणसे मरत, म्हणून अमेरिकेत एकोणिसाव्या शतकातच त्यांच्या तपासणीचे कायदे झाले. मोटारबोटी पुढे आल्या. त्यांना हे कायदे लागू झाले ते १५ टनांच्या वर. हे टन वजनाचे नाहीत. बोटीच्या आतल्या जागेच्या मापाचे आहेत आणि १०० घनफूट जागा म्हणजे एक टन. पेलिकन १५ च्या आत होती. त्यामुळे तिच्या सांगाड्याची, इंजिनांची, ती किती कलून परत सरळ होते याची सरकारी तपासणी कधी व्हावी अशी अटच नव्हती. १९४०च्या मोटारबोट कायद्याने पैसे घेऊन प्रवासी नेणाऱ्या चालकाला परवाना लागू केला आणि बोटीवर प्रत्येकासाठी लाइफ जॅकेट ठेवण्याची सक्ती केली. ठेवण्याची, घालण्याची नाही. थोडक्यात, चालकाची पात्रता पाहिली जाई, बोटीची नाही. बोटीवर किती माणसे घ्यायची, हे त्या परवानाधारक माणसाच्या सदसद्विवेकावर सोडलेले होते, आणि त्याच्या पोटाचा व्यवहार तर माणशी भाड्यावर. हे असे दोन्ही एकाच माणसाच्या हाती देणे माझ्या मते कॅरलच्या चुकीपेक्षा मोठी चूक होती. चौकशीत ठपका साहजिकच कप्तानावर आला. मेलेल्या माणसावर ठपका ठेवणे सोपे असते.

कायदा बदलायला पाच वर्षे लागली आणि मध्ये आणखी माणसे मरावी लागली. ऑगस्ट १९५५ मध्ये 'लेविन जे. मार्व्हल' ही सहलींसाठी वापरली जाणारी जुनी शिडाची नौका चेसापीक उपसागरात कॉनी वादळात सापडून फुटली. २७ पैकी १४ जण गेले. ही नौका आकाराने पेलिकनच्या कितीतरी पट मोठी, पण तीही नियमांच्या दुसऱ्या फटीतून निसटलेली. १० मे १९५६ रोजी नवा कायदा झाला. त्याने पंधरा टनांची पळवाट बंद केली. मोटारीची असो वा शिडाची, सहापेक्षा अधिक प्रवासी पैसे घेऊन नेणाऱ्या लहान बोटीलाही आता तपासणी आवश्यक झाली. बोटीने किती माणसे न्यायची, हा आकडा प्रमाणपत्रावर लिहिला जाऊ लागला आणि ते प्रमाणपत्र बोटीवर सगळ्यांना दिसेल असे लावायचे झाले.

या आकड्यामागे पुन्हा एक आकडा आहे. बोट किती माणसे पेलेल हे ठरवताना एका माणसाचे वजन सरासरी १६० पौंड, म्हणजे तेच साडेबहात्तर किलो, धरले जाई. दशके उलटली, माणसे जाड झाली, आकडा तिथेच. २ ऑक्टोबर २००५ रोजी न्यूयॉर्क राज्यातल्या लेक जॉर्जवर 'ईथन ॲलन' ही सहलीची बोट ४७ प्रवाशांसह उलटली. २० जण मेले, बहुतेक वृद्ध. पाणी शांत होते. ती बोट राज्याच्या नियमांखाली होती, पण सरासरी वजनाचा प्रश्न सगळीकडे सारखाच. शेवटी तटरक्षक दलाने हे वजन १८५ पौंड, म्हणजे ८४ किलो, केले. नियम डिसेंबर २०११ पासून लागू झाला आणि नव्या गणिताने बऱ्याच बोटींना पूर्वीपेक्षा कमी माणसे घ्यावी लागली.

सहाची मर्यादा मात्र तशीच आहे. सहा किंवा त्याहून कमी प्रवासी नेणाऱ्या बोटीच्या चालकाला परवाना लागतो, बोटीला ते तपासणीचे प्रमाणपत्र लागत नाही. अमेरिकी किनाऱ्यावर अशा बोटींना 'सिक्स-पॅक' म्हणतात. आजही बारा मित्रांचा गट दिवसभराच्या मासेमारीला निघाला, तर पुष्कळदा एका मोठ्या बोटीऐवजी सहा-सहांच्या दोन बोटी ठरवल्या जातात.