कसब्यातले जिणे

जुन्या मराठी दप्तरांत गावाच्या नावापूर्वी 'मौजे' किंवा 'कसबे' असा एक लहानसा शब्द लिहिलेला असतो. मौजे म्हणजे साधे खेडे. कसबे म्हणजे जेथे बाजार भरतो, परगण्याचा कारभार चालतो आणि पाटील-कुलकर्ण्यांच्या जोडीला पेठेचे शेटे-महाजनही आपला मान घेतात असे गाव. मूळचा अरबी शब्द आपण इतका आपलासा केला की 'कसबा पेठ' म्हणताना पुणेकराला त्याचे परकेपण जाणवत नाही. खुद्द पुणे हे एके काळी 'कसबे पुणे' होते, याचाही त्याला विसर पडलेला असतो. दप्तर लिहिणाऱ्या कारकुनाने जपलेला हा भेद आमच्या वाङ्मयविचाराने मात्र गमावला. आम्ही साहित्याचे ग्रामीण आणि नागर असे दोन ढीग केले आणि या दोहोंच्या मध्ये जे जीवन होते ते सोयीप्रमाणे या किंवा त्या ढिगावर टाकून मोकळे झालो.

या विसराचा विचार करण्यास दिल्लीलगतचे गाझियाबाद हे एक उत्तम निमित्त आहे. २०११ च्या जनगणनेत सोळा लाखांहून अधिक लोकसंख्या नोंदवली गेलेल्या या महानगरात १९०१ साली जेमतेम अकरा हजारांच्या आसपास माणसे राहत होती. मेरठ जिल्ह्यातील एक तहसिलीचे ठिकाण, एवढीच त्याची ओळख. हे गाव १७४० मध्ये वसवले ते गाझीउद्दीन या मोगल उमरावाने, आणि त्याचे मूळ नाव गाझीउद्दीननगर. हा गाझीउद्दीन निजामुल्मुल्क आसफजाहाचा थोरला मुलगा. बापाच्या मृत्यूनंतर दख्खनच्या सुभेदारीवर हक्क सांगत, मराठ्यांच्या पाठिंब्याने तो औरंगाबादेस आला आणि तेथेच १७५२ च्या ऑक्टोबरात विषप्रयोगाने त्याचा अंत झाला. हिंडन नदीकाठचा तो कसबा आणि आपल्या मराठवाड्यातील ती राजधानी यांच्यामध्ये असा एक मृत्यू आहे. त्याच्या मुलाने, इमादुल्मुल्कने, पुढे मराठ्यांच्या बळावर दिल्लीच्या तख्ताशी जो खेळ केला तो इतिहासाच्या वाचकांना परिचित आहे.

परंतु गावाचे काय? गाव म्हणजे प्रारंभी एक सराई होती : कमानींच्या एकशेवीस पक्क्या खोल्या, भोवती तट आणि चार दरवाजे. त्या दरवाजांची नावे पाहावीत. एक दिल्ली दरवाजा, एक डासना दरवाजा, एक सिहानी दरवाजा. दरवाजा ज्या गावाच्या वाटेवर उघडतो त्या गावाचे नाव दरवाजाला. डासना हा गाझीउद्दीननगराहून जुना कसबा, सिहानी हे जवळचे खेडे, आणि दिल्ली ती दिल्लीच. म्हणजे शहाण्या कसब्याप्रमाणे हे गाव स्वतःचे स्थान शेजाऱ्यांवरून सांगत होते. आमच्याकडेही वेशींना पुढच्या गावाची नावे देण्याची रीत आहे; पुण्याच्या वाड्याचा दिल्ली दरवाजा तर उत्तरेकडेच तोंड करून उभा आहे. चौथा दरवाजा पूर्वी शाही म्हणून ओळखला जाई. मग तो बाजार दरवाजा झाला आणि स्वातंत्र्यानंतर जवाहर दरवाजा. बादशाही, बाजार, प्रजासत्ताक! कसब्याचा इतिहास एका कमानीवर याहून थोडक्यात कोणी लिहिला असेल असे वाटत नाही.

या लहान गावांतून राहणे कसे होते, हे सांगण्यास राजकीय इतिहासाची साधने फारशी उपयोगी पडत नाहीत. पानिपतच्या मोहिमेत, डिसेंबर १७६० मध्ये, अब्दालीची रसद तोडण्याच्या कामावर असलेले गोविंदपंत बुंदेले याच मुलुखात, गाझीउद्दीननगरापासून काही कोसांवरच्या जलालाबादेजवळ मारले गेले. त्या काळच्या मराठी पत्रांतून दुआबातील कसबे येतात ते रसदेचे, वसुलीचे आणि ठाण्यांचे मुक्काम म्हणून. तेथे धान्य असते, माणूस नसतो. १८५७ च्या मे महिन्याच्या ३० आणि ३१ तारखांस हिंडनच्या पुलापाशी मेरठहून निघालेली इंग्रजी फौज आणि दिल्लीहून आलेले शिपाई यांची गाठ पडली. इंग्रजांनी आपल्या मृतांच्या कबरी नदीकाठी बांधल्या. त्या दोन दिवसांत गावातल्या पेठेतील दुकाने उघडी होती की बंद, हे कोणीही लिहून ठेवले नाही. मला तरी ही उणीव त्या लढाईच्या तपशिलाइतकीच महत्त्वाची वाटते.

लढाईनंतर सातआठ वर्षांतच रेल्वे आली आणि स्थानकाच्या सोयीसाठी नाव आखडून 'गाझियाबाद' झाले. गावाच्या नावावर गावाचा हक्क नसतो, हे यावरून कळावे. पण स्थानकाने कसब्याला एक नवी गोष्ट दिली, ती म्हणजे परका माणूस. सराईतही परके येत, परंतु ते तटाच्या आत रात्र काढून जात. स्थानकावरचा परका मात्र उतरतो, राहतो, आणि त्याला विचारावेच लागते : आपण कोण, कुणाचे? कसब्यातल्या जगण्याचा गाभा या प्रश्नात आहे. मोठ्या शहरात तो कोणी विचारत नाही, लहान खेड्यात विचारण्याची गरज नसते. कसब्यात तो रोज विचारला जातो आणि उत्तरावर पुष्कळ काही अवलंबून असते.

या प्रश्नात आपुलकी असते, असे सांगणारे स्मरणरंजन आपल्याकडे उदंड आहे. पत्त्यावर नाव आणि गाव एवढेच लिहिले तरी पत्र पोहोचे, उसने मागण्यास ओळख पुरे, दुखण्याखुपण्यात गल्ली धावून येई. हे खोटे नाही. पण त्याच प्रश्नाची दुसरी बाजू १९०१ साली मसूरच्या स्थानकावर दिसली. साताऱ्याहून वडिलांकडे निघालेली काही नीटनेटक्या कपड्यांतील मुले तेथे उतरली; त्यांना नेण्यास कोणी आले नव्हते. स्थानकमास्तराने मायेने चौकशी केली आणि मुलांनी जात सांगताच तो मागे सरला. गाडीवान मिळेना, अखेर दुप्पट भाड्यावर, आणि बैल मुलांनीच हाकावेत या अटीवर, एकाची गाडी मिळाली. त्या मुलांत नऊदहा वर्षांचे भीमराव आंबेडकर होते. पुढे ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत त्यांनी खेड्याच्या गौरवीकरणावर जो कठोर प्रहार केला, त्याच्या मुळाशी हा अनुभव नसेल असे कोण म्हणेल? आणि मसूर हे काही आडरान नव्हते. तेथे लोहमार्ग होता, तिकीट होते, सरकारी नोकर होता. म्हणजे आधुनिकतेची सारी सामग्री हजर होती, आणि तरी 'कुणाचे?' हा प्रश्न तिच्यावर मात करून गेला.

मग कसबा म्हणजे केवळ कोंडीच का? तसेही म्हणता येत नाही. ज्या कागदपत्रांवरून आपण पानिपतबद्दल बोलतो त्यांचा मोठा भाग इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी १८९८ मध्ये 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेच्या पहिल्या खंडात छापला. ही पत्रे त्यांच्या हाती लागली ती मुंबईत किंवा दिल्लीत नव्हे, तर वाईत. पुढे त्याच वाईत बसून तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांनी मराठी विश्वकोश सिद्ध केला. त्याचा पहिला खंड १९७६ चा. कसब्याला वेळ असतो, माळे असतात आणि जुने कागद टाकून देण्याची घाई नसते. जे घर तीन पिढ्या हलत नाही तेथेच दप्तर टिकते. अर्थात ज्यांच्या घराला माळाच नव्हता त्यांचे दप्तरही नाही, हे विसरून चालणार नाही.

साहित्याकडे वळल्यावर गोंधळ अधिक स्पष्ट होतो. आनंद यादव यांच्या 'झोंबी'ला १९९० चा साहित्य अकादेमी पुरस्कार लाभला आणि ग्रामीण आत्मचरित्राचा मानदंड म्हणून ती शिकवली जाते. पण तिचे कागल हे खेडे नव्हे. जहागिरीचे ते ठाणे. तेथे वाडा आहे, बाजार आहे, आणि मुख्य म्हणजे शाळा आहे. त्या मुलाची झोंबी शेतात राबवणाऱ्या बापाशी आहे, आणि ती शक्य होते ती हाकेच्या अंतरावर शाळा असल्यामुळे. मळा आणि शाळा एकाच गावाच्या दोन टोकांना असणे, हीच कसब्याची रचना होय. 'ग्रामीण' हे विशेषण लावून आपण त्या कृतीतील हा ताण अर्ध्यावर वाचतो. भालचंद्र नेमाडे यांच्या चांगदेव चतुष्टयातील महाविद्यालयांची गावे याच जातीची आहेत, आणि त्यांना आपण नागर म्हणतो! हिंदीत श्रीलाल शुक्ल यांच्या 'राग दरबारी'ने (१९६८) शिवपालगंज नावाच्या अशाच एका गावाला मध्यभागी आणले. तेथील महाविद्यालय, सहकारी संस्था आणि ग्रामपंचायत एकाच बैठकीतून चालतात. मराठीत सहकाराचा एवढा विस्तार झाला, तरी त्या तोडीची कादंबरी आपल्याकडे झाली नाही, असे माझे मत आहे.

गाझियाबादेचे कसबेपण फाळणीनंतर विरत गेले. निर्वासित आले, कारखाने आले. १४ नोव्हेंबर १९७६ रोजी मेरठपासून वेगळा जिल्हा झाला, १९९४ मध्ये महानगरपालिका. शेजारचे बेगमाबाद १९३३ पासूनच साखर कारखान्यामागून मोदीनगर होऊ लागले होते. हापूड मात्र धान्याच्या बाजारासाठी आणि पिलखुवा छापील कापडासाठी ओळखले जात राहिले. कसबा टिकतो तो बहुधा अशा एखाद्या धंद्याच्या आधाराने. जुन्या तटाच्या दरवाजांची नावे आता वस्त्यांची नावे झाली आहेत. सराईचा बहुतेक भाग उरलेला नाही.

ऑक्टोबर २०२३ मध्ये साहिबाबादहून मेरठच्या दिशेने जलद प्रादेशिक रेल्वेचा पहिला टप्पा सुरू झाला. त्यावरील स्थानकांच्या पाट्या वाचाव्यात : साहिबाबाद, गाझियाबाद, गुलधर, दुहाई. गुलधर आणि दुहाई ही मूळची खेडी. गाडी त्यांच्यापाशी मिनिटभरही थांबत नसेल, आणि उतरणाऱ्याला तेथे कोणी 'कुणाचे?' म्हणून विचारीत नाही.