अनवाणी पायांचा अभिमान आणि मोज्यांची गोष्ट

इंदूरच्या राजवाड्याला सात मजले आहेत. खालचे तीन दगडी आणि वरचे चार लाकडी. होळकरांच्या या वाड्याचे बांधकाम १७४७ च्या सुमारास सुरू झाले. पुढे आगीने त्याला तीनदा गाठले. १८०१ साली शिंद्यांच्या फौजेने इंदूर लुटून जाळले ती एक आग, आणि सर्वांत अलीकडची १९८४ सालची. आगीने लाकूड खाल्ले, दगड मात्र टिकला.

मराठी माणूस या वाड्यासमोर उभा राहिला की त्याला मल्हारराव आठवतात, अहिल्याबाई आठवतात. मला मात्र तिथे जासूद आठवले. मराठेशाहीचा सारा कारभार पत्रांवर चालत असे आणि ती पत्रे नेणारे हे लोक. त्यांना बहुधा जोडीने पाठवीत, म्हणून जुन्या कागदांत ‘जासूदजोडी’ हा शब्द वारंवार भेटतो. इंदूरहून पुणे आजच्या रस्त्याने सहाशे किलोमीटरांच्या आसपास आहे. वाटेत विंध्याचा उतार, नर्मदा, सातपुडा, तापी आणि मग खानदेशचे रखरखीत माळ. पत्रावर ते कधी लिहिले याची नोंद असते, कधी पोचले याचीही असते. या दोन तारखांच्या मध्ये जे पाय झिजले त्यांच्याविषयी मात्र इतिहास काही बोलत नाही.

जासूद अनवाणी चालत किंवा फार तर वहाणा घालून. मोजा हा त्यांच्या पायातला जिन्नस नव्हेच. हा शब्द आपल्याकडे फारसीतून आला आणि तिथे त्याचा मूळ अर्थ चामडी बूट असा आहे. म्हणजे ती घोडेस्वाराची आणि दरबाराची चीज. आम्हा गोवेकरांच्या कानांवरून गेलेला पोर्तुगीज शब्द ‘मेया’. त्याचा अर्थ ‘अर्धी’! कमरेपासून पावलापर्यंतच्या तंग विजारीचा खालचा अर्धा भाग तो मोजा. दोन्ही शब्द आले ते राज्यकर्त्यांच्या पायांतून. त्यामुळेच की काय, मोजा म्हणजे साहेबी थाट आणि अनवाणी पाय म्हणजे मर्दानी कणखरपणा, असे एक समीकरण आपल्या मनात पक्के बसले आहे.

हे समीकरण निरुपद्रवी नाही. काही वर्षांपूर्वी एका भरतीच्या वेळी मैदानावर टेबल मांडून उमेदवारांची नावे लिहून घेण्याचे काम माझ्याकडे आले होते. एक मुलगा लंगडत आला. जन्मभर अनवाणी किंवा चपलेत वावरलेला, डोंगराळ गावचा, चपळ अंगाचा. भरतीसाठी म्हणून घरच्यांनी नवे बूट घेऊन दिले होते आणि त्याने चार दिवस त्यातच सराव केला होता, मोज्यांशिवाय. दोन्ही टाचांच्या मागे रुपयाएवढे फोड आणि त्यातला एक फुटलेला. तो धावला, पण वेळेत पोचला नाही. बाजूला उभा असलेला कोणी म्हणाला, ‘हल्लीची पोरे नाजूक. आमच्या वेळी मोजे कोणाला ठाऊक होते?’ मी रजिस्टरात त्याच्या नावापुढे शेरा लिहिला. त्याची ताकद कमी नव्हती. पाऊण इंच कातडीपायी त्याची नोकरी गेली.

आता अनवाणी धावणाऱ्यांचा खरा इतिहास पाहू. पुण्याची डेक्कन जिमखाना ही संस्था १९०६ सालची. तिच्या मैदानी शर्यतींना अध्यक्ष या नात्याने दोराबजी टाटा हजर राहिले, तेव्हा त्यांना दिसले की धावणारी मुले शेतकरी घरांतली आहेत, त्यांना युरोपीय नियम ठाऊक नाहीत, ती अनवाणी धावतात आणि तरीही त्यांच्या वेळा चांगल्या आहेत. त्यांतूनच १९२० सालच्या अँटवर्प ऑलिंपिकला संघ पाठवण्याची कल्पना पुढे आली. चार धावपटू आणि दोन कुस्तीगीर गेले. मॅरेथॉनसाठी निवडलेले दोघेही मराठी मुलखातले होते. एक सदाशिव दातार आणि दुसरे फडेप्पा चौगुले, आमच्या चोर्ला घाटापलीकडच्या बेळगावचे. २२ ऑगस्ट १९२० रोजी ही शर्यत झाली. अंतर ४२.७५ किलोमीटर, म्हणजे आजच्या मॅरेथॉनपेक्षाही थोडे जास्त. दातारांना ती पुरी करता आली नाही. चौगुले २ तास ५० मिनिटे ४५ सेकंदांत १९ वे आले. बेळगावच्या माणसाने शंभर वर्षांपूर्वी केलेला हा पराक्रम आज आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे?

गंमत म्हणजे त्याच शर्यतीत चौगुल्यांच्या तीन जागा पुढे, १६ वा, जपानचा शिझो कानाकुरी होता. त्याची गोष्ट आपल्या विषयाच्या अगदी मध्यावर येते. १९१२ साली स्टॉकहोमला तो ‘ताबी’ घालून धावला होता. ताबी म्हणजे अंगठा वेगळा असलेला जपानी कापडी मोजा. तिथल्या कडक रस्त्यांवर त्या कापडी तळव्याचा निभाव लागेना. कानाकुरी मायदेशी परतला आणि एका ताबीवाल्या कारागिराच्या मदतीने त्याने रबरी तळव्याची ताबी करवून घेतली. पुढे १९५१ साली शिगेकी तानाका बोस्टनची मॅरेथॉन जिंकला तेव्हाही त्याच्या पायांत अंगठा वेगळा असलेला तसलाच जोडा होता. जपान्यांना आपल्या जुन्या पायताणाचा अभिमान होताच, पण त्या अभिमानापायी त्यांनी पाय सोलून घेतले नाहीत. पायाचे दुखणे काय आहे ते ओळखून त्यांनी पायताण बदलले.

अनवाणी म्हटले की इथिओपियाच्या अबेबे बिकिलाचे नाव हटकून निघते. १९६० साली रोमला तो अनवाणी धावला आणि २ तास १५ मिनिटे १६ सेकंदांत जिंकला. पण त्याचे कारण सहसा सांगितले जात नाही. तिथे मिळालेले बूट त्याच्या पायांना नीट बसत नव्हते आणि अनवाणी धावण्याचा सराव त्याला होता. चार वर्षांनी टोकियोला तोच बिकिला बूट घालून धावला आणि ही शर्यत त्याने आणखी तीन मिनिटांनी कमी वेळात जिंकली! म्हणजे त्याने अनवाणीपणाचे व्रत घेतले नव्हते. ज्याची पायाला सवय, ते त्या दिवशी वापरायचे, एवढेच त्याचे गणित होते.

पायाचे राजवाड्यासारखेच आहे. अनवाणी चालणाऱ्याचा तळवा दगडी होतो, पण टाचेची मागची बाजू, बोटांचे शेंडे आणि पावलाच्या कडा लाकडीच राहतात. जमिनीशी त्यांचा संबंध येत नाही, म्हणून त्या घट्ट होत नाहीत. बुटात पाय घातला की आग लागते ती नेमकी तिथे.

फोड होतो कसा? नुसत्या घासण्याने कातडी सोलवटते, फोड हे त्याहून वेगळे प्रकरण आहे. पाऊल पडते तेव्हा आतले हाड पुढे सरकते आणि बाहेरची कातडी मोज्याला किंवा बुटाला चिकटून मागे राहते. हजारो पावलांनंतर या ओढाताणीत कातडीचे थर आतल्या आत विलग होतात आणि त्या पोकळीत पाणी भरते. ओलसर कातडी कोरड्या कातडीपेक्षा जास्त चिकटते, म्हणून घाम हा फोडाचा सोबती. आमच्या गोव्याच्या दमट हवेत तर हा सोबती बारमाही!

मोज्याचे काम इथे कळते. ती ओढाताण कातडीत न होता मोज्यात व्हावी आणि घाम कातडीवर साचू नये, ही त्याची दोन कामे. राजवाड्यामागच्या बाजारात मी धावण्यासाठी मोजे मागितले, तर दुकानदाराने मोठ्या विश्वासाने शुद्ध सुती जोडी पुढे केली. रोजच्या वापराला सुती मोजे उत्तमच. पण सूत घाम पिते आणि धरून ठेवते, ओले होऊन सैल पडते आणि त्याच्या चुण्या होतात. १९९० साली अमेरिकेत लांब पल्ल्याच्या धावपटूंवर एक पाहणी झाली. त्यात जाड, गादीदार विणीच्या अॅक्रिलिक मोज्यांत सुती मोज्यांपेक्षा कमी आणि लहान फोड आले. पण त्याच संशोधकांनी पुढे साध्या विणीचे मोजे घेऊन पाहिले, तेव्हा धाग्याने फरक पडला नाही. म्हणजे नुसता धागा पाहून भागत नाही, वीणही पाहावी लागते.

तेव्हा मोजे घेताना पाहावे ते असे. पॉलिएस्टर, अॅक्रिलिक, नायलॉन किंवा बारीक लोकर यांचा भर असलेले घ्यावेत. टाचेचा खळगा टाचेवरच बसला पाहिजे, मोजा मोठा झाला की चुणी पडते आणि चुणीखाली फोड. आतून हात फिरवून बोटांवरची शिवण चाचपावी, ती जाड असेल तर जोडी परत ठेवावी. बोटे एकमेकांवर घासत असतील तर पाच बोटांचे वेगळे मोजे मिळतात (ताबीचेच पुढचे पाऊल म्हणा!). दोन पदरी मोजेही मिळतात, त्यांत पदरावर पदर सरकतो आणि कातडी वाचते. बूट घ्यायला संध्याकाळी जावे, तेव्हा पाय थोडे सुजलेले असतात, आणि धावण्याचे मोजे घालूनच ते घालून पाहावेत. नवे बूट आणि नवे मोजे शर्यतीच्या दिवशी कधीही नकोत. आधी त्यांतून थोडे थोडे अंतर वाढवत जावे, म्हणजे तळव्याची जी तयारी आयुष्यभरात झाली ती कडांचीही काही आठवड्यांत होते.

नेहमी फोड येतो ती जागा ठाऊक असेल तर धावण्याआधी कोरड्या कातडीवर कागदी चिकटपट्टी लावावी. औषधांच्या दुकानात ती थोड्या पैशांत मिळते. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत अनेक दिवसांच्या लांब शर्यतींतले फोड या साध्या पट्टीने सुमारे ४० टक्क्यांनी घटले. फोड आलाच तर वरची कातडी काढू नये, तिच्याइतके चांगले झाकण दुसरे नाही. फार ताणला असेल तर स्वच्छ धुऊन, निर्जंतुक सुईने कडेला टोचून पाणी काढावे आणि झाकावे. मधुमेह असलेल्यांनी मात्र घरी सुई न लावता डॉक्टर गाठावा.

यातले काहीही फार खर्चाचे नाही. चांगल्या मोज्यांची जोडी महागड्या बुटांच्या मानाने स्वस्तच पडते. शाळेच्या क्रीडादिनाला किंवा भरतीला मुलगा निघाला की घरची मंडळी बुटांना पैसे काढतात आणि मोजे घरात असतील ते देतात. जासुदांनी आणि चौगुल्यांनी जे केले ते मोठेच होते, पण त्यांच्या पायांनी ते वर्षानुवर्षांच्या सवयीने केले. ती सवय आपण मुलांना देऊ शकलेलो नाही. निदान मोजे तरी द्यावेत.