दाढी भिजू द्या

साल १९४६, पौष महिना. तुम्ही गोरेगावात आहात. हिंगोली नावाचा जिल्हा व्हायला अजून ५३ वर्षं आहेत. सध्या हा मुलूख निजामाच्या हैदराबाद संस्थानात, परभणी जिल्ह्यात मोडतो. ज्वारी हुरड्यात आली आहे. कोवळं ऊन लिंबाच्या बुंध्यापर्यंत पोचलंय आणि तेवढ्या उन्हात तुम्ही पोत्यावर मांडी घालून बसला आहात. समोर उकिडवे बसलेत वारीक आबा. इकडं न्हाव्याला वारीक म्हणतात.

आबा धोकटी सोडतात. वस्तरा, कात्री, चिमटा, नखं काढायची नराणी, धार लावायचा दगड, चामड्याचा पट्टा, पितळी वाटी, छोटा आरसा. साबण कुठंच दिसत नाही, ब्रशही नाही. चुलीवरून आणलेलं कोमट पाणी वाटीत ओततात, बोटं बुडवतात आणि तुमच्या गालांवर चोळायला लागतात. गाल झाले, हनुवटी झाली, जबड्याखालचा भाग झाला. तुम्हाला वाटतं, झालं आता. आबा पुन्हा बोटं बुडवतात.

"आबा, बास की. रानात जायचंय."

"भिजू द्या बापू. कोरडा केस वस्तऱ्याचं ऐकत नसतो."

आबांनी हे बापाकडून ऐकलंय आणि हजारो गालांवर तपासून पाहिलंय. दाढीचा केस पाणी पितो, फुगतो, मऊ पडतो. कोमट पाण्यात दोन-तीन मिनिटं भिजला की तो कापायला कितीतरी कमी जोर लागतो. जोर कमी म्हणजे कातडीवरचा दाबही कमी. सगळी मेख इथंच आहे.

तुमची दाढी भिजतेय तोवर आबा दगडावर पाण्याचे दोन थेंब टाकून पातं फिरवतात. एका बाजूनं, मग दुसऱ्या बाजूनं. मग पट्ट्यावर, पण उलट दिशेनं, धार मागं ठेवून, म्हणजे पट्टा कापला जात नाही आणि धारेची वाकलेली कड सरळ होते. शेवटी तळहातावर चार वेळा. आता डावा अंगठा तुमच्या कानाजवळ टेकतो आणि कातडी वर ताणून धरतो. पातं गालावर जवळजवळ आडवं झोपतं. खर्र, खर्र. केसांच्या कलानं, वरून खाली. पातं आपल्याच मनगटावर पुसतात, पुन्हा अंगठा, पुन्हा ताण. पातं गळ्यापाशी येतं तेव्हा तुमचा श्वास थांबतो, आबांचा मात्र संथ चाललेला असतो.

तुम्ही उठता, गालावरून हात फिरवता आणि रानाकडं निघता. पैसे द्यायचे नसतात. सुगी झाली की आबा खळ्यावर येतील आणि बलुत्याचं धान्य घेऊन जातील. वर्षभर घरातल्या सगळ्या पुरुषांची डोकी आणि दाढ्या, जावळ, लग्नातली कामं, दहाव्याचं क्षौर, या सगळ्याचं माप गावानं ठरवलेलं. पीक बुडालं की आबांचं मापही बुडतं.

निघण्याआधी आणखी एकीकडं बघा. गावकुसाबाहेरच्या वस्तीतला माणूस या लिंबाखाली येऊन बसत नाही. त्याची दाढी इथं होत नाही. हा वस्तरा कुणाच्या गालाला लागायचा आणि कुणाच्या नाही, हे जातीनं ठरवलंय. २६ जानेवारी १९५० पासून संविधानाचा सतरावा अनुच्छेद याला गुन्हा म्हणेल, १९५५ साली त्यासाठी स्वतंत्र कायदा येईल, आणि त्यानंतरही गावोगाव बराच काळ भांडावं लागेल. जुन्या दाढीची ओढ वाटते त्यानं लिंबाखालची ही रिकामी जागा आधी पाहावी.

आता वस्तऱ्याच्या पोलादाची गोष्ट शोधत आणखी दीडशे वर्षं मागं चला. फार लांब जायचं नाही. नांदेड ओलांडून निजामाबादकडं, कोनसमुद्रम नावाच्या गावात. मातीच्या मुशी भट्टीत लालबुंद झाल्या आहेत. आत लोखंड आहे. तोंड मातीनं लिंपलेलं. कोळशाच्या धगीत तासन्‌तास ठेवून, मग सावकाश निववून मुशीतून पोलादाची जड वडी निघते. ती विकत घ्यायला इराणचे व्यापारी इथवर येतात. इंग्रज या पोलादाला वुट्झ म्हणतात. १७९४ साली मुंबईचे डॉक्टर हेलेनस स्कॉट त्याचे नमुने लंडनच्या रॉयल सोसायटीचे अध्यक्ष जोसेफ बँक्स यांना धाडतात. तिथं जेम्स स्टोडार्ट हा हत्यारं घडवणारा कारागीर त्याची पाती करतो आणि त्या धारेच्या प्रेमातच पडतो. पुढं १८२० च्या आसपास हाच स्टोडार्ट आणि तरुण मायकेल फॅरडे मिळून वुट्झचं गुपित शोधायला बसतात, पोलादात चांदीपासून ऱ्होडियमपर्यंत धातू मिसळून पाहतात. त्या प्रयोगांतल्या पोलादाचे वस्तरे फॅरडे मित्रांना भेट देतो. विजेचा शास्त्रज्ञ म्हणून जग ज्याला ओळखतं, तो उमेदीच्या काळात दख्खनच्या पोलादाची धार समजून घेत होता.

तिथून बॉस्टन. १९०३. किंग कॅम्प जिलेट या फिरत्या विक्रेत्याच्या डोक्यात काही वर्षांपासून एकच गोष्ट घोळतेय: धार लावावीच लागू नये, बोथट झालं की पातं टाकून द्यावं. कागदासारखं पातळ पोलाद कडक करणं अशक्य आहे असं जाणकार सांगत होते. विल्यम निकरसन या अभियंत्यानं ते जमवलं. पहिल्या वर्षी खपले ५१ रेझर आणि १६८ पाती. दुसऱ्या वर्षी रेझरचा आकडा ९०,८८४ वर गेला, आणि १५ नोव्हेंबर १९०४ रोजी पेटंट मिळालं. पहिल्या महायुद्धात अमेरिकी सैनिकांच्या पिशवीत हा रेझर गेला आणि लाखो पुरुष स्वतःची दाढी स्वतः करायला शिकले. आबांचा हात जो कोन तोलून धरायचा, तो आता धातूच्या दोन चकत्यांमध्ये पक्का बसवलेला होता.

पुन्हा गोरेगाव, १९८२. तुम्ही दहा वर्षांचे आहात आणि ओसरीवर वडिलांची दाढी बघताय. खिडकीच्या गजाला आरसा टांगलाय. मगात ऊन पाणी, प्लास्टिकच्या डबीत गोल साबण, त्यावर घुमणारा ब्रश. रेडिओवर परभणी केंद्र लागलंय. वडील रेझरची मूठ फिरवून तीन भाग सुटे करतात, टोपाजच्या पत्तीचा कागद उलगडतात, पत्ती दोन बोटांत कडेनं धरून बसवतात. जाडी मिलिमीटरचा दहावा हिस्सा. पूर्वीच्या पत्त्या गंजायच्या. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला विल्किन्सन स्वोर्डनं न गंजणाऱ्या पोलादाच्या पत्त्या बाजारात आणल्या आणि बाकीच्यांना त्याच वाटेनं जावं लागलं.

फेस बघा. दाट, सायीसारखा, गालावरून न ओघळणारा. अंगाच्या साबणाचा फेस एवढा टिकत नाही, लगेच सुकतो. दाढीच्या साबणात स्टिअरिक आम्ल भरपूर असतं आणि कॉस्टिक सोड्याबरोबर पोटॅशचा क्षारही, म्हणून तो पाणी धरून ठेवतो. आबांची बोटं पुन्हा पुन्हा वाटीत बुडत होती. तेच काम आता फेस करतोय. ब्रश गोल फिरताना केस उभे राहतात, त्यांच्या मुळाशी ओल पोचते. दाढी झाली की तुरटीचा ओला खडा गालावरून फिरतो. तुरटी कातडी आकसते, बारीकसा काप असेल तर रक्त धरते. पावसाळ्यात गढूळ पाण्याच्या घागरीत फिरवायची तुरटी तीच. जुनी पत्ती फेकली जात नाही: आई तिनं शिवण उसवते, तुम्ही पेन्सिलीला टोक काढता.

पुढची वर्षं भराभर जातात. नव्वदच्या दशकात एड्सची भीती गावापर्यंत पोचते आणि सलूनमधला धार लावायचा वस्तरा जातो. त्याच्या जागी पत्ती अर्धी मोडून बसवायची मूठ येते, गिऱ्हाईकागणिक नवी पत्ती. हा बदल चांगला झाला, तो कायम राहावा. शहरात दोन, तीन, पाच पात्यांची कार्ट्रिज आली. २००२ साली जिलेटनं भारतासाठी बनवलेला रेझर अमेरिकेत शिकणाऱ्या भारतीय विद्यार्थ्यांवर तपासला होता. तिथल्या नळाला भरपूर पाणी, सगळं ठीक चाललं. इथं आल्यावर तो केसांनी तुंबायला लागला, कारण इथला माणूस एका मगात दाढी करतो. मग कंपनीची माणसं इथल्या घरांत जाऊन बसली, बघत राहिली, आणि २०१० मध्ये १५ रुपयांचा एकाच पात्याचा रेझर आणला. एवढ्या मोठ्या कंपनीला जे शिकावं लागलं ते आबांना ठाऊक होतं: दाढी आधी पाण्याची आणि मग पात्याची.

आता आजचा दिवस. तुमच्या हातात तोच तीन भागांचा रेझर आहे, कारण पाच पात्यांनी केस कातडीखाली कापले जातात, कुरळा केस आतल्या आत वळतो आणि मानेवर पुळ्या उठतात, याला तुम्ही कंटाळला आहात. ब्रश कोमट पाण्यात भिजत ठेवा. तोंड धुऊन ओलंच राहू द्या. फेस लावा, ब्रश दोन मिनिटं फिरवा. पत्तीचा कोन साधारण तीस अंशांचा. रेझर दाबू नका; त्याचं स्वतःचं वजन पुरतं. डाव्या हातानं कातडी ताणा, केस वाकायला नको. २०२० साली एमआयटीच्या संशोधकांनी 'सायन्स'मध्ये दाखवलं की पोलादापेक्षा पन्नास पट मऊ असलेला केसही पत्तीच्या धारेचे बारीक टवके काढतो, आणि ते होतं केस वाकून पात्याला तिरपा ताण देतो तेव्हा. पहिल्यांदा केसांच्या कलानं, हवं तर पुन्हा फेस लावून आडवं. उलटी दाढी पहिल्या महिन्यात करूच नका. मग गार पाणी, तुरटी, आणि रेझर कोरडा करून ठेवा.

सुरुवातीला चार ठिकाणी कापेल. हनुवटीच्या कडेला केस कुठं वळतात, गळ्यावर कोणत्या बाजूला निजतात, हे आपल्यालाच ठाऊक नसतं. आबांना तुमचा गाल तुमच्यापेक्षा चांगला माहीत होता. पहिल्यांदा एकही काप न लागता दाढी होईल त्या सकाळी, त्यांच्याकडं केवढी विद्या होती हे तुमच्या हाताला कळेल.

म्हणून जुन्या दाढीकडं परतायचं तर हत्यारं घेऊन या, धीर घेऊन या, आणि पाण्याला द्यायचा वेळ घेऊन या. ठरवून दिलेलं माप आणि लिंबाखालची रिकामी जागा तिकडंच राहू द्या. आणि कधी गोरेगावच्या एखाद्या सलूनच्या खुर्चीत बसलात, न्हाव्यानं नवी पत्ती तुमच्यासमोर मोडली, आणि दाढी भिजवायला दोन मिनिटं जास्त घेतली, तर घड्याळ बघू नका. दाम थोडे जास्त द्या. बलुत्यात त्या दोन मिनिटांची किंमत कधीच धरली नव्हती.