मुंबई वातावरण कृती आराखडा

बृहन्मुंबई महानगरपालिकेने १३ मार्च २०२२ रोजी जाहीर केलेला दीर्घ मुदतीचा आराखडा. शहरातून होणारे हरितगृह वायूंचे उत्सर्जन घटविणे आणि पूर, उष्मा व दूषित हवा यांना तोंड देण्याची तयारी करणे ही त्याची दोन अंगे. २०५० पर्यंत निव्वळ शून्य उत्सर्जन हे त्याचे उद्दिष्ट असून ते भारत सरकारने देशासाठी ठरविलेल्या २०७० या वर्षाच्या वीस वर्षे आधीचे आहे. २०१९ हे आधारवर्ष धरून २०३० पर्यंत ३० टक्के आणि २०४० पर्यंत ४४ टक्के घट, असे मधले टप्पे आहेत. मुंबई डिसेंबर २०२० मध्ये ‘सी-४०’ या महानगरांच्या जागतिक गटात सामील झाली होती; त्या गटाचे आणि डब्ल्यूआरआय इंडिया या संस्थेचे तांत्रिक साहाय्य आराखड्याला लाभले. घनकचरा, हरितीकरण व जैवविविधता, पूर व जलव्यवस्थापन, इमारतींची ऊर्जाकार्यक्षमता, हवेची गुणवत्ता आणि वाहतूक ही त्याची सहा क्षेत्रे.

राज्य पातळीवर याला अनुकूल वारे २०२० पासूनच वाहू लागले होते. त्या वर्षी राज्याच्या पर्यावरण विभागाचे नाव ‘पर्यावरण व वातावरणीय बदल विभाग’ असे झाले आणि २ ऑक्टोबरला पंचमहाभूतांवर बेतलेले ‘माझी वसुंधरा’ अभियान सुरू झाले. पाठोपाठ २०२१ मध्ये विद्युत वाहनांचे सुधारित धोरण आले. तत्कालीन पर्यावरणमंत्री आदित्य ठाकरे हे मुंबईच्या आराखड्याचे राजकीय पुरस्कर्ते होते. मात्र आराखडा जाहीर होण्याच्या सहाच दिवस आधी, ७ मार्च २०२२ रोजी, महापालिकेच्या सभागृहाची मुदत संपली. पुढे साडेतीन वर्षांहून अधिक काळ निवडणूक झाली नाही, त्यामुळे अंमलबजावणी प्रशासकांच्या हाती राहिली. नगरसेवकांनी प्रश्न विचारावेत असे सभागृहच तेव्हा नव्हते.

मुंबईची हवा हा सरकारी चिंतेचा विषय शतकाहून जुना आहे. गिरण्यांच्या धुराड्यांना आवर घालण्यासाठी १९१२ मध्येच मुंबई सरकारने धूरप्रतिबंधक कायदा केला. १९१५ मध्ये टाटांच्या खोपोली जलविद्युत केंद्राची वीज गिरण्यांना मिळू लागली आणि त्यांच्या बॉयलरखालचा कोळसा कमी होत गेला. पुढे १९५० च्या दशकात ट्रॉम्बे-चेंबूर पट्ट्यात दोन तेलशुद्धीकरण कारखाने आणि औष्णिक वीजकेंद्र उभे राहिले, नंतर खत कारखानाही आला. ‘गॅस चेंबर’ हे चेंबूरचे टोपणनाव तेव्हापासूनचे. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ १९७० मध्ये स्थापन झाले आणि केंद्राच्या १९८१ च्या वायू कायद्यानंतर धुराड्यांवरचा अधिकार त्याच्याकडे आला. शतकाच्या अखेरीस मुंबई उच्च न्यायालयातील धूरपीडितांच्या जनहित याचिकेमुळे जुन्या टॅक्सी सीएनजीवर वळल्या. हवेच्या बाबतीत न्यायालयाने हाकलल्यावर प्रशासन हलते, हा शिरस्ता तिथूनच पडला असे म्हणायला हरकत नाही.

आराखड्याच्या हिशेबानुसार २०१९ मध्ये शहराचे उत्सर्जन सुमारे २ कोटी ३४ लाख टन कार्बन डायऑक्साइडइतके, म्हणजे दरडोई १.८ टनांच्या आसपास होते. त्यातला सत्तर टक्क्यांहून अधिक वाटा वीज व इंधनाच्या वापराचा, साधारण पाचवा हिस्सा वाहतुकीचा आणि उरलेला कचऱ्याचा. खरी मेख याच आकड्यांत आहे. मुंबईची वीज प्रामुख्याने कोळशाची, आणि तिच्यावर महापालिकेची सत्ता जवळजवळ नाही. शहर भागात बेस्ट उपक्रम वीज वाटतो, उपनगरांत अदानी आणि टाटा, भांडुप-मुलुंडकडे महावितरण. दर आणि खरेदी करार ठरवतो राज्य वीज नियामक आयोग. ट्रॉम्बे आणि डहाणू येथील कोळशावरचे संच बंद व्हायचे तर बाहेरची वीज शहरात आणणाऱ्या पारेषण वाहिन्या हव्यात. खारघर-विक्रोळी वाहिनी २०२३ मध्ये कुठे कार्यान्वित झाली. वाहनांची नोंदणी परिवहन विभागाकडे, कारखाने प्रदूषण मंडळाकडे. महापालिकेच्या स्वतःच्या मुठीत राहतात ती बांधकाम परवानगी, रस्ते, कचरा आणि बेस्टच्या बसगाड्या.

म्हणूनच प्रत्यक्षात सर्वांत ठळक दिसली ती धुळीविरुद्धची मोहीम. एरवी दिवसा समुद्रावरून येणारे खारे वारे आणि रात्री उलट वाहणारे मतलई वारे शहराची हवा हलती ठेवतात. हिवाळ्यात वारा मंदावतो, जमिनीलगतची गार हवा वरच्या उबदार थराखाली झाकणाखाली कोंडल्यासारखी अडकते आणि धूळ खालीच तरंगते. २०२२-२३ च्या हिवाळ्यात हे फार जाणवले. पुनर्विकास, मेट्रो आणि रस्त्यांचे काँक्रीटीकरण एकाच वेळी चालू असल्याने धुळीला तोटा नव्हता. २५ ऑक्टोबर २०२३ रोजी महापालिकेने बांधकामांसाठी नियमावली काढली : सत्तर मीटरहून उंच इमारतीच्या कामाभोवती किमान ३५ फूट उंच पत्रा, इमारतीवर हिरवे कापड किंवा ज्यूट, पाण्याची फवारणी, राडारोडा नेणारे ट्रक झाकलेले आणि त्यांची चाके धुतलेली. त्याच महिन्याच्या अखेरीस उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली आणि त्या दिवाळीत फटाक्यांची वेळ आधी रात्री ७ ते १०, मग ८ ते १० अशी आवळली. पत्रे लागले, टँकर फिरले. पण धुतलेल्या रस्त्यावर दुसऱ्या दिवशी पुन्हा धूळ बसते. अशा उपायांनी हवा तात्पुरती सुसह्य होते, उत्सर्जनाचा आकडा मात्र हलत नाही.

कचऱ्याचे क्षेत्र हवा आणि हवामान या दोहोंना एकत्र जोडते. १९२७ पासून वापरात असलेल्या देवनार कचराभूमीला जानेवारी २०१६ मध्ये लागलेली आग अनेक दिवस धुमसली आणि तिचा धूर उपग्रहचित्रांतही दिसला. कुजत्या कचऱ्यातून निघणारा मिथेन तापमानवाढीला हातभार लावतो आणि अशा आगींनाही खाद्य पुरवतो.

जून २०२४ मध्ये महापालिकेने आपला पहिला हवामान अर्थसंकल्प प्रसिद्ध केला. ही पद्धत मूळची ऑस्लो शहराची. २०२४-२५ च्या भांडवली खर्चापैकी सुमारे ३२ टक्के, म्हणजे १० हजार २२४ कोटी रुपये हवामानाशी निगडित असल्याचे त्यात दाखविले गेले. पर्जन्यजल वाहिन्या, मलजल प्रक्रिया यांसारखी आधीपासून ठरलेली कामेही या रकमेत येतात, तेव्हा ती सगळी नव्याने उभी केलेली समजू नये.

महाराष्ट्रातील १९ शहरे केंद्राच्या २०१९ च्या राष्ट्रीय शुद्ध हवा कार्यक्रमात आहेत. ठाणे, नवी मुंबई, उल्हासनगर, बदलापूर आणि वसई-विरार ही मुंबईची शेजारी त्यांतलीच. हवा एकच असली तरी प्रत्येक पालिकेचा आराखडा वेगळा आहे. जानेवारी २०२५ मध्ये उच्च न्यायालयाने लाकूड-कोळशावरच्या बेकऱ्यांना स्वच्छ इंधनाकडे वळण्यासाठी सहा महिन्यांची मुदत दिली. त्याच महिन्यात राज्य सरकारने संपूर्ण महानगर प्रदेशात फक्त सीएनजी व विजेवरची वाहने ठेवता येतील का, हे पाहण्यासाठी सात सदस्यांची समिती नेमली.