परसबाग: अर्धा मराठी, अर्धा फारसी शब्द

'परसबाग' हा शब्द मी फळ्यावर लिहितो तेव्हा मध्ये एक उभी रेघ मारतो. डावीकडे 'परस', म्हणजे घराच्या मागची मोकळी जागा. उजवीकडे 'बाग', हा फारसी. उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवणाऱ्याला असे शब्द रोज भेटतात. पण भाजीपाल्याच्या बाबतीत ही सरमिसळ इतकी खोल आहे की रेघ मारता मारता खडू संपतो.

नुसत्या शेतीचे शब्द बघा. बागायत, जिरायत, खरीप, रब्बी, हंगाम, मशागत. खरीप म्हणजे अरबीत शरद ऋतू, रब्बी म्हणजे वसंत. जिरायत हा 'जिराअत', म्हणजे शेती. मशागत हा आपल्या उर्दूतला 'मशक्कत', म्हणजे कष्ट. मराठी शेतकऱ्याने कष्ट या शब्दाचा अर्थच जमीन तयार करणे असा करून घेतला, याहून नेमका अर्थबदल मला माहीत नाही. उलट वाफा, आळे, पाट, मोट हे शब्द इथले. थोडक्यात, वर्षाचं वेळापत्रक आणि महसुलाची भाषा दरबारातून आली. हाताने करायच्या कामाची भाषा मात्र गावचीच राहिली. एक गंमत 'खत' या शब्दाची. खरेदीखतातलं खत अरबी, म्हणजे लिखाण. उकिरड्यातलं खत वेगळ्या मुळाचं. दोघांची भेट मराठीत झाली आणि उच्चार एकच निघाला.

दर काही वर्षांनी मराठीतले फारसी शब्द काढून टाका असा सूर निघतो. हा प्रयत्न जुना आहे आणि त्यामागे राज्यकर्त्याचा विचार होता. शिवाजी महाराजांनी 'राज्यव्यवहारकोश' करवून घेतला, त्यात दरबारी फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द दिले. त्यातले कित्येक शब्द आजही सरकारी मराठीत जिवंत आहेत. पण वावरातली बागायत बागायतच राहिली, खरीपही खरीपच राहिला. कोश दरबारासाठी होता, पेरणी तिथे होत नव्हती.

परसबागेबद्दल मराठीतला मला सर्वांत आवडणारा जुना मजकूर मात्र दरबारातूनच आलेला आहे. सुमारे १७१५ साली रामचंद्रपंत अमात्यांनी 'आज्ञापत्र' लिहिलं. राज्य कसं चालवावं यावरचा हा ग्रंथ. किल्ल्यांच्या प्रकरणात ते सांगतात की गडावरच्या वाटांवर, बाजारात केरकचरा पडू देऊ नये. झाडलेला केर गडाखाली फेकू नये, तो जागच्या जागी जाळावा, राख घरामागच्या परसात टाकावी आणि घरोघर भाजीपाला करावा. सफाई, खत आणि रसद, तिन्ही कामं एका सूचनेत. वेढा पडला की बाहेरून दाणागोटा येणं बंद. अशा वेळी घरामागच्या चार वाफ्यांतली मेथी आणि दोडक्याचा वेल हा लढाईचाच भाग.

पण ही राखेची सूचना जशीच्या तशी आमच्या दिग्रसला आणू नये, हे मी मुलांना सांगतो. सह्याद्रीच्या गडांवर मुसळधार पाऊस. तिथली तांबडी माती धुऊन धुऊन आंबट होते. राखेत चुना आणि पालाश असतो, म्हणून तिथे ती औषधासारखी. आपली वऱ्हाडातली काळी माती मुळात अल्कधर्मी आहे, तिच्यात चुना आधीच भरपूर. इथे मूठभर राख चालेल, घमेलंभर नको. इथे कुजलेला पालापाचोळा आणि शेणखत हवं. जुनं ते सगळं सोनं म्हणणारे लोक माती बघत नाहीत.

पंतांच्याही आधी, अकबराच्या दरबारी अबुल फजलने 'आईन-ए-अकबरी'त शाही मुदपाकखान्याची व्यवस्था लिहून ठेवली. ताज्या पालेभाज्या अखंड मिळाव्यात म्हणून भाजीची बाग लावून घेणं हे त्या खात्याच्या अधिकाऱ्याचं कामच होतं. त्याच ग्रंथात भाज्यांचे दरही दिले आहेत. पालक, पुदिना, कांदा, लसूण, शलगम सगळं सापडतं. बटाटा, टोमॅटो, मिरची मात्र सापडत नाही. ही तिन्ही पिकं अमेरिकेची. पोर्तुगीजांनी १५१० मध्ये गोवा घेतला, त्यानंतर ती हळूहळू किनाऱ्यावरून आत सरकली. बटाटा हा शब्दही पोर्तुगीज, कोबीही पोर्तुगीज. टोमॅटो तर एकोणिसाव्या शतकातच घरोघर पोचू लागला. वऱ्हाडात त्याला 'भेद्रं' असं इतकं गावठी नाव मिळालं की तो परका होता हे कुणाला पटत नाही.

इथे एक अवघड प्रश्न येतो, आणि हुशार मुलगी तो विचारतेच. संत सावता माळी तेराव्या शतकातले, अरणचे. मळ्यातल्या भाज्यांतच त्यांना विठ्ठल दिसला. त्यांच्या नावावरच्या प्रसिद्ध अभंगात मिरचीही आहे. मग मिरची पोर्तुगीजांच्या आधी कशी? मला पटणारं उत्तर असं: अभंग तोंडी चालत आला. गाणाऱ्याच्या मळ्यात जे उगवलं ते त्यात आलं. किंवा मूळ शब्द मिरीचा, 'मरीच' या जातीचा असेल. काहीही असलं तरी सावतोबांच्या भक्तीला धक्का लागत नाही. उलट, मिरची इतकी आपली झाली की तिला संताच्या मळ्यात जागा मिळाली.

वांग्याचा प्रवास नेमका उलटा. ते इथलंच. संस्कृत 'वातिंगण' फारसीत 'बादिंगान' झालं, अरबांनी 'बाजिंजान' केलं, ते स्पेनला नेलं, तिथून फ्रान्समध्ये 'ओबर्जिन' झालं. बाराव्या शतकात सेव्हिलच्या इब्न अल-अव्वामने 'किताब अल-फिलाहा' हा शेतीचा मोठा ग्रंथ लिहिला. माती ओळखणं, खत कुजवणं, पाणी देणं, कलम बांधणं, सगळं सविस्तर. 'कलम' हाही आपला रोजचा शब्द. लिहिण्याची कलम आणि आंब्याचं कलम एकच, दोन्हीकडे तिरका छाट असतो.

मोठी परसबाग चालते ती पाण्यावर. मलिक अंबरने सतराव्या शतकाच्या सुरुवातीला खडकीत, म्हणजे पुढच्या औरंगाबादेत, नहर बांधली. दूरचं पाणी जमिनीखालच्या नळातून नुसत्या उतारावर शहरात आलं. ना बैल, ना मोट. ज्यांच्या गावाला अशी नहर नव्हती त्यांच्याकडे विहीर, मोट आणि पाट. मोटेचं पाणी थारोळ्यात पडायचं, तिथून पाटाने वाफ्यात. एक वाफा भरला की मातीचं दार बंद करून पुढचं उघडायचं. वऱ्हाडात याला ओलीत म्हणतात. घरामागच्या बागेला एवढंही नशिबी नसे, तिला भांडी धुतलेलं आणि न्हाणीचं पाणी. म्हणून न्हाणीपाशी अळू आणि केळ, कुडाला वालाचा आणि कारल्याचा वेल, ऊन असेल तिथे वांगी, आडोशाला सांभार. ही मांडणी कुठल्या पुस्तकातली नाही, ती घरातल्या बायांनी पाण्याची वाट बघून ठरवलेली. माळी आणि बागवान यांचा धंदा इतिहासात नोंदला गेला, कारण त्यावर कर होता. या बायांच्या बागेवर कर नव्हता म्हणून दफ्तरात ती नाही.

मग कापूस आला. तो आधीही होता, पण १८६१ ते १८६५ च्या अमेरिकन यादवी युद्धात मँचेस्टरला अमेरिकेचा कापूस मिळेना आणि वऱ्हाडच्या कापसाला भाव चढला. वावरात पैसा दिसू लागला की घरामागची मेथी मोजायला कोण बसतं? आज आमच्याच तालुक्यात, अरुणावती धरणाच्या जवळच्या गावांतही, कास्तकार आठवडी बाजारात बाहेरगावची भाजी विकत घेताना दिसतो. मला हे कापसाच्या कर्जाइतकंच गंभीर वाटतं. कर्ज निदान कागदावर दिसतं.

सरकारला हे अधूनमधून आठवतं. महायुद्ध चालू असताना 'अधिक धान्य पिकवा' मोहीम निघाली. २०१९ मध्ये शाळांत पोषण बागा लावण्याच्या मार्गदर्शक सूचना आल्या. शाळेच्या बागेची अडचण वेळापत्रकाची आहे. जुलैत मुलं पेरतात, पालक आणि मेथी महिन्याभरात ताटात येते, भेंडी दीड-दोन महिन्यांत. दिवाळीच्या सुट्टीत वाल फुलतो तेव्हा तोडायला कुणी नसतं. मे महिन्यात पारा चाळिसाच्या वर आणि शाळा बंद. म्हणून मी सुचवतो की शाळेत शेवगा, कढीपत्ता, लिंबू, पपई अशी टिकाऊ झाडं हात धुण्याच्या नळापाशी लावावीत. पालेभाजी फक्त पावसाळ्यात करावी आणि बी धरून ठेवावं.

बियांच्या पुड्यांवर नावं मुलांकडूनच लिहून घ्यावीत, दोन्ही लिप्यांत. उर्दूच्या पुस्तकात 'धनिया' असतं, मराठीच्या पुस्तकात 'कोथिंबीर'. हैदराबादकडचे दखनी बोलणारे 'कोथमीर' म्हणतात, तो मराठीशी सख्खं नातं असलेला शब्द. आणि दिग्रसची मुलं, घरात कुठलीही भाषा असो, पुडीवर सरळ 'सांभार' लिहितात.