संशोधकाचें टिपण : वसई प्रांताच्या साधनांवरून कांहीं विचार

जुने कागद मिळविणें, ते वाचणें आणि त्यांवरून इतिहास लिहिणें या तीन क्रियांची चर्चा आपल्या मंडळींत नेहमीं होते. परंतु वाचणें व लिहिणें यांच्या मध्यें टिपण करण्याची जी क्रिया आहे, तिच्याकडे लक्ष थोडें जातें. टिपण म्हणजे केवळ स्मरणाचें साहाय्य, अशी समजूत आहे. प्रस्तुत लेखकास ती मान्य नाहीं. लेख लिहितांना मूळ कागद बहुधा समोर नसतो. समोर असतें तें टिपण. म्हणजे त्या घटकेस टिपण हेंच साधन होय, आणि साधनाची जी चिकित्सा आपण करितों, तीच टिपणाचीही केली पाहिजे. हें मत एका चुकीनें शिकविलेलें आहे. म्हणून प्रथम ती चूकच सांगतों.

गोखिवरे हें तुंगारेश्वराच्या पायथ्याचें गांव. पश्चिमेस सोपारें, नैर्ऋत्येस वसईचा कोट. इ. स. १७३७ ते १७३९ च्या मोहिमेंत या टापूंत काय काय घडलें तें तारीखवार लावावें, या हेतूनें आम्हीं छापील साधनें वाचून चिठ्ठ्या केल्या. त्यांपैकीं एकीवर ‘वसईचा तह, शनिवार, ५ मे १७३९’ असें होतें. दुसरीवर ‘वसईचा तह, शनिवार, १६ मे १७३९’. दोन्ही निरनिराळ्या वर्षीं केलेल्या, आणि तारीख कोणत्या पद्धतीची तें एकीवरही नाहीं. लिहावयास बसल्यावर मधले अकरा दिवस भरून काढण्यासाठीं आम्हीं तर्क लढविला कीं, ५ तारखेस तहाचीं कलमें ठरलीं व १६ तारखेस तह पुरा झाला. त्यास शोभेल असें वाक्यही रचिलें. लेख छपाईस जाण्यापूर्वीं एका स्नेह्यानें तो पाहिला व विचारिलें, “अकरा दिवसांनीं पुन्हा शनिवारच कसा आला?” तेव्हां डोळे उघडले.

तह एकच, दिवसही एकच. पोप ग्रेगरीनें १५८२ सालीं कालगणना सुधारली. पोर्तुगालनें ती त्याच वर्षीं स्वीकारिली, इंग्लंडनें १७५२ पर्यंत स्वीकारिली नाहीं. अठराव्या शतकांत या दोन गणनांत अकरा दिवसांचें अंतर होतें. सबब पोर्तुगीज कागदांतील १६ मे तीच जुन्या गणनेची ५ मे. मराठी ग्रंथकारांपैकीं पुष्कळांनीं १७५२ पूर्वींच्या तारखा जुन्या पद्धतीनें दिल्या आहेत. पोर्तुगीजांनीं कोट खालीं केला त्या दिवसाचीही हीच गत : जुनी १२ मे, नवी २३ मे. दोन गोष्टी व चार तारखा. आम्हीं चिठ्ठीवर गणना लिहिली नव्हती. वार लिहिला होता एवढ्यानेंच चूक सांपडली. ती न सांपडती, तर चिमाजी अप्पाच्या मोहिमेंत न घडलेली एक घटना आमच्या हातून इतिहासांत शिरली असती, व पुढील लेखकांनीं ती आमच्या नांवावर उचलली असती.

यावरून पहिला नियम निघतो. मुळांत काल ज्या शब्दांनीं दिला असेल, तो त्याच शब्दांनीं प्रथम लिहावा. रूपांतर खालीं, निराळ्या ओळींत, कोणत्या जंत्रीवरून केलें त्या नांवासह. पेशवाई कागदांत शुहूर सन अरबी अंकशब्दांनीं येतो. ‘तिसा सलासीन मया व अलफ’ म्हणजे नऊ, तीस, शंभर व हजार, मिळून ११३९. हें वर्ष मृगारंभीं सुरू होतें. म्हणून त्यांत ५९९ मिळवावे कीं ६००, हें महिन्यावरून ठरतें. वसईचा तह मृगापूर्वींचा, म्हणून तो ११३९ तच पडतो. शके मात्र चैत्रांत पालटून १६६१ झालेला असतो. चिठ्ठीवर नुसता ‘१७३९’ लिहिणारा हा सर्व पुरावा पुसून टाकितो.

दुसरा नियम ग्रंथांच्या थरांविषयीं. उत्तर कोंकणाचा अभ्यासक महिकावतीच्या बखरीवांचून पाऊल टाकूं शकत नाहीं. कै. राजवाडे यांनीं ती १९२४ सालीं प्रसिद्ध केली, तेव्हां तिचीं प्रकरणें एका हातचीं वा एका काळचीं नाहींत हें त्यांनीं प्रस्तावनेंत दाखविलें. दुसरें व तिसरें प्रकरण केशवाचार्याचें, शके १३७० चें. इतर कांहीं त्यानंतर पुष्कळ काळानें रचिलेलीं. अर्थात् ‘महिकावतीची बखर’ एवढाच आधार लिहिलेली चिठ्ठी निरुपयोगी होय. प्रकरण व पृष्ठ पाहिजेच.

तिसरा नियम नांवांचा. वसईस पोर्तुगीज बसाईं म्हणत, इंग्रज बॅसीन म्हणत. ब्रह्मदेशांतही इंग्रजांचें एक बॅसीन होतें. इंग्रजी सूचींवर विसंबणारा कोंकणांतून इरावतीच्या मुखाकडे केव्हां जाईल, याचा नेम नाहीं. जिल्ह्याचेंही तसेंच. १ ऑगस्ट २०१४ रोजीं पालघर जिल्हा निराळा झाला. तत्पूर्वींच्या सूचींत वसई तालुक्याचीं गांवें ठाणें जिल्ह्याखालीं शोधावीं लागतात. म्हणून मुळांतील रूप, आजचें रूप व ओळख पटविण्याचें कारण, हीं तिन्ही चिठ्ठीवर असावींत.

चौथा नियम सर्वांत महत्त्वाचा. उतारा, सारांश व अनुमान हीं एकमेकांत मिसळूं देऊं नयेत. उतारा अवतरणांत असावा, सारांशास खूण असावी, आणि आपलें अनुमान चिठ्ठीच्या पाठीवर, तें सुचलें त्या दिवसाच्या तारखेसह लिहावें. मोडी कागदांत ही दक्षता दुप्पट हवी. मोडींत ऱ्हस्वदीर्घाचा भेद पाळलेला नसतो, शब्दही तोडलेले नसतात. बाळबोध नक्कल करणें हाच एक अर्थनिर्णय असतो. संशयित अक्षराखालीं टिंब न देतां केलेली नक्कल वाचकास फसविते, आणि दहा वर्षांनीं खुद्द नक्कलकारासही.

आतां क्रमाविषयीं. कागद पहिल्यानें लेखणी हातांत न घेतां समग्र वाचावा; दुसऱ्या वाचनांत चिठ्ठ्या कराव्या; एका चिठ्ठीवर एकच गोष्ट असावी. चिठ्ठी त्याच दिवशीं आपल्या जागीं लावावी. लेख लिहितांना चिठ्ठ्या कालानुक्रमें मांडाव्या, म्हणजे कोठें पुरावा दाट आहे व कोठें तुटतो तें आपोआप दिसतें. जेथें तुटतो तेथें अलंकारिक वाक्य न घालतां पुन्हा वाचनाकडे वळावें. लेख पुरा झाल्यावर प्रत्येक उतारा मुळाशीं ताडून पाहावा. चिठ्ठीशीं ताडणें पुरेसें नाहीं.

ही पद्धति किती मोठा भार वाहूं शकते, हें पुण्याच्या डेक्कन कॉलेजांत दिसतें. तेथें १९४८ सालीं आरंभिलेल्या संस्कृत महाकोशासाठीं सुमारें १,५०० ग्रंथांवरून सुमारें एक कोटि चिठ्ठ्या झाल्या. ज्यांनीं त्या लिहिल्या त्यांतील पुष्कळांस कोश पुरा झालेला पाहावयास मिळाला नाहीं; तरी प्रत्येक चिठ्ठी आपला आधार स्वतः सांगते, म्हणून काम पिढ्यानुपिढ्या चालूं शकतें. राजवाडे १९२६ च्या अखेरच्या दिवशीं धुळ्यास निवर्तले. त्यांनीं जमविलेली धातूंची व नामांची सामग्री त्यांच्या पश्चात् कोशरूपानें छापितां आली. टिपण दुसऱ्यास वाचतां येतें कीं नाहीं, हीच त्याची खरी कसोटी.

हल्लीं चिठ्ठ्या संगणकांत ठेविण्याची सोय झाली आहे; हजारों टिपणांतून हवें तें क्षणांत निघतें. ही सोय अवश्य घ्यावी. परंतु टिपण करणारानें जी गणना लिहिलीच नाहीं, ती यंत्र कोठून आणणार? आमच्या त्या दोन चिठ्ठ्या यंत्रांत असत्या, तर त्यानें त्या दोन निरनिराळ्या दिवसांखालींच लावून दिल्या असत्या.

संग्राहक मंडळींस शेवटीं एकच विनंति. आपल्या रुमालांतील कागदांची यादी तर कराच. पण आपलीं टिपणें आपल्या मागें कोणी उघडलीं तर त्यास तीं समजतील काय, हें आज दहा चिठ्ठ्या काढून पाहा. ज्या समजणार नाहींत त्या, मूळ कागद हाताशीं आहे तोंवर, पुन्हा लिहा.